वजनकाटा

काचघरात शिरण्याआधी आम्ही
केस टोपीत कोंबतो, हात कोपरापर्यंत धुतो,
अंगठ्या काढून पत्र्याच्या डब्यात टाकतो.
माझा डबा एकोणचाळीस नंबरचा.
आत पंखे घुमत असतात आणि झाडं उभी,
शाळेतल्या मुलींसारखी ओळीनं,
प्रत्येकीच्या बुंध्याला जन्मतारखेची चिठ्ठी.
माझ्या मोलेफीच्या जन्माची
इतकी चोख नोंद कुठंच नाही.

मी फुलं कातरते.
कात्रीला राळ चिकटते, अंगठा काळा पडतो.
काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत बोलतो.
कमी भरलं तर शिट्टी,
जास्त भरलं तरी शिट्टी.
मग माल पेटीत बसून जर्मनीला जातो.
तिथल्या कुणा म्हाताऱ्याच्या पायातल्या कळा
म्हणे थेंबाथेंबानं निवतात.

माझ्या बापाच्या पायातल्या कळा
इथून नऊ मैलांवर आहेत.
वेल्कोमच्या खाणीत छत बसलं
तेव्हा गुडघ्याखालचा पाय तिथंच राहिला,
उरलेला माणूस बसनं घरी आला.
जो पाय नाही, तोच रात्री ठणकतो.
बाप अंधारात हात घालून त्याला खाजवू बघतो,
घोंगडं सापडतं.

मक्याच्या आड त्याची चार झाडं होती.
आमच्या डोंगरात सगळ्यांचीच असायची.
घोड्याचं पोट फुगलं की पाला, खोकल्याला काढा,
आणि पोरांच्या शाळेची फी
रात्री सीमेपलीकडे पाठवलेल्या पोत्यातून.
मार्चमध्ये पोलीस आले,
उपटली, ढीग केला, विहिरीपाशी पेटवला.
वारा नेमका गावाकडे होता.
त्या रात्री कुत्र्यांसकट सगळे गाढ झोपले.
बापही.

पुढच्या आठवड्यात मुखियाच्या अंगणात पित्सो भरली.
मासेरूहून एक बाई आल्या,
त्यांच्या टाचा शेणात रुतत होत्या.
म्हणाल्या, चोरून कशाला, परवाना घ्या,
कायद्यापुढे सगळे सारखे.
आणि फी सांगितली.
आम्ही मनातल्या मनात मेंढ्या मोजल्या:
आपल्या गावातल्या सगळ्या,
मग पलीकडच्या गावातल्या,
मग चर्चचा पत्रा.
कुणीतरी हसलं. बाई खाली कागदात बघू लागल्या.

पाद्री बोलला, ते नेहमीचंच.
मग दवाखान्यातला तरुण डॉक्टर उठला, खाली बघत.
दुखण्याला उतार पडतो, म्हणाला,
काही पोरांच्या आकड्याही कमी होतात,
नाही म्हणता येत नाही.
पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी
डोकं ओल्या गिलाव्यासारखं असतं.
तो माझ्याकडे बघत नव्हता.
बाकी सगळे बघत होते.

मोलेफी सोळाचा होता.
गुराख्यांच्या झोपडीत हिवाळाभर ओढायचा,
मग सेल नसलेल्या रेडिओशी भांडू लागला.
डॉक्टर म्हणतो, रोग आधीपासून आत असेल,
धुरानं दार उघडलं असेल,
नक्की कुणालाच सांगता येत नाही.
आता शहरातल्या इस्पितळात खिडकीशी बसतो
आणि मला 'बाई' म्हणतो.

मुखिया म्हणाला, हात वर करा.
घरी लावायला मुभा हवी, ते कोण?
बापानं हात उचलला असता तर कुबडी सुटली असती,
म्हणून त्यानं कुबडीच उचलली
आणि सगळा भार माझ्यावर टाकला.
माझे दोन्ही हात त्याला सावरण्यात.
नको म्हणणारे कोण, विचारलं,
तेव्हाही ते तिथंच होते.
मोजणाऱ्यानं मला कुठंच धरलं नाही.

संध्याकाळी फाटकावर खोत्सांग झडती घेते,
खिसे, मोजे, पदराची दुमड,
जिभेखालीसुद्धा.
"नखं," म्हणते. मी दाखवते.
आम्ही एकाच वर्गात होतो.
ती अंगठ्यापाशी थांबते,
मग पुढच्या बाईला हाक मारते.

घरी दूध तापत ठेवलंय.
बापानं पाय वर घेतलाय, दोन्ही,
असं तो म्हणतो.
कोपऱ्यात मोलेफीची गादी गुंडाळलेली,
दोरीनं बांधलेली.
अंगठा अजून धुतलेला नाही.
इथं काटा नाही,
शिट्टी वाजवणारं कुणी नाही.
दुधावर साय धरायला लागलीय
आणि बाप विचारतोय,
झालं का गं?